अप्पांच्या इंजिनाचा नंबर

आमच्या घरात एक रेल्वे इंजिन होतं. ते दोन फूट लांब होतं आणि त्याचा नंबर चुकीचा होता.

लांबीबद्दल कोणाची तक्रार नव्हती.

माझे सासरे, म्हणजे अप्पा, मनमाडच्या शेडमध्ये वाफेच्या इंजिनावर ड्रायव्हर होते. ते रिटायर झाले तेव्हा त्याच शेडमधल्या काथोड फिटरने हे इंजिन स्वतःच्या हातांनी बनवून त्यांना भेट दिलं होतं. काळाकुळकुळीत रंग, पुढे लाल पट्टा, पितळेची एवढीशी शिट्टी. हाताने ढकललं की चाकांचे दांडे खरोखरच्या इंजिनासारखे पुढेमागे व्हायचे. रंगाला चकाकी अशी, की त्यात बघून भांग पाडावा. (माझे यजमान पाडायचेही. अप्पा आंघोळीला गेले की.) आणि केबिनच्या दोन्ही बाजूंना काळ्या पट्टीवर पिवळ्या आकड्यांत नंबर होता, ९०७६.

"९०६७ पाहिजे होतं," अप्पा म्हणायचे.

हे ते रोज म्हणायचे. सकाळी चहा झाला की मऊ फडक्याने इंजिन पुसायचे, लांब धरून बघायचे, सुस्कारा सोडायचे आणि म्हणायचे, "माझी गाडी ९०६७. सात नि सहाची अदलाबदल केली या काथोडने."

"मग काथोडकाकांना सांगा ना अप्पा," लग्नानंतर पहिल्याच महिन्यात मी म्हणाले होते.

"खबरदार! सहा महिने खपलाय तो माणूस. त्याला तोंडावर सांगू, की तुझा आकडा चुकला? काही माणुसकी आहे की नाही?"

अशी बारा वर्षं अप्पांनी माणुसकी पाळली. काथोडकाकांना ती एकदाही ऐकावी लागली नाही. आम्हाला रोज.

आता माझ्याबद्दल. मी भिवंडीतल्या एका शाळेत आठवी-नववीला विज्ञान शिकवत असे आणि मला एक वाईट खोड होती. कोणतीही वस्तू बघितली की 'ही कशी चिकटवली असेल?' असा प्रश्न मला पडायचा आणि तो पडला, की ती वस्तू फार काळ चिकटलेली राहत नसे. घरातलं घड्याळ, मिक्सर आणि सासूबाईंच्या फोटोची फ्रेम या तिघांनी माझ्या जिज्ञासेचा अनुभव घेतला होता. इंजिन तेवढं वाचलं होतं, कारण अप्पा घर सोडून कधी कुठे जातच नसत.

पण त्या वर्षी ते गेले. अंबाडीला त्यांच्या बहिणीकडे सत्यनारायण होता. गुरुवारी सकाळी निघताना म्हणाले, "सोमवारी येतो. इंजिनाला हात लावू नका. धूळ बसली तर बसू दे."

एसटी वळणापलीकडे जायच्या आत माझ्या डोक्यात बेत तयार होता. पुढच्या महिन्यात अप्पांची सत्तरी होती. त्यांना शाल काय कोणीही देईल. मी त्यांना ९०६७ देणार होते!

यजमान सायझिंगमध्ये, म्हणजे मागावर जाण्याआधी सुताला खळ लावतात त्या कारखान्यात, शिफ्ट सुपरवायझर. ड्युटीवरून दमून आले होते. मी बेत सांगितला.

"अगं, पण जुना नंबर काढणार कसा?"

"तो रंगवलेला नाहीच मुळी! ट्रान्सफर आहे. सायकलच्या नळीवर कंपनीचं नाव असतं ना, तसलं. पाण्यात भिजवायचं, कागदावरून सरकवायचं, की बसलं. वरून वार्निशचा हात. जे सरकवून बसवलं ते सरकवून काढताही येणार. प्रश्न एवढाच, की खालच्या रंगाला ओरखडा न येता काढायचं कसं?"

"आणि आला तर?"

"म्हणून तर आधी दुसऱ्या कशावर तरी प्रयोग करायचा! शास्त्रात त्याशिवाय पुढे जातच नाहीत."

ते समाधानाने झोपायला गेले. दुसरी वस्तू कोणती, हे त्यांनी विचारलं नाही.

शुक्रवार उजाडला. शुक्रवारी लूम, म्हणजे कापडाचे यंत्रमाग, बंद, त्यामुळे अख्ख्या गल्लीत खटखट नाही, कानाला नुसतं चुकल्यासारखं होतं. शाळेलाही दोन दिवस सुट्टी. मी मागच्या अंगणात यजमानांची सायकल आडवी केली. काळा रंग, सोनेरी अक्षरांचं ट्रान्सफर, वर वार्निश. प्रयोगासाठी देवानेच पाठवावी अशी! एका वहीत तक्ता आखला आणि नळीचे पाच भाग केले.

भाग पहिला, गरम पाणी. ट्रान्सफर जागचं हललं नाही. भाग दुसरा, रॉकेल. ट्रान्सफर तसंच, रंग मात्र मलूल झाला. भाग तिसरा, खोबरेल तेल. काहीही नाही, पण अंगणातल्या मुंग्यांना फार आवडलं. भाग चौथा, नेलपॉलिश काढायचं औषध. ट्रान्सफर गेलं! त्याच्याखालचा रंगही गेला! लख्ख लोखंड दिसायला लागलं.

दहाच्या सुमारास यजमान दात घासत मागे आले.

"माझ्या सायकलला काय झालंय?"

"काही नाही. तिच्यावर प्रयोग चाललाय."

"कोड आल्यासारखी दिसतेय."

"चौथा भाग बघू नका. तो चुकला."

त्यांनी तोंडातला फेस तसाच ठेवून थोडा वेळ सायकलकडे बघितलं आणि न बोलता आत गेले. (आमचा संसार टिकला तो त्यांच्या तोंडात अशा वेळी बहुधा काहीतरी असायचं म्हणून.)

दुपारी शेजारच्या सलमाभाभींकडून बिर्याणीचं ताट आलं. सोबत वाटीभर सिरक्यातला, म्हणजे व्हिनेगरमधला, कांदा. मी ताट घेऊन सायकलशेजारीच पाटावर बसले, कारण पाचव्या भागावर काय लावावं ते सुचत नव्हतं. जेवता जेवता कांद्याची एक चकती घसरली आणि नळीवर पडली. उचलायला हात रिकामा नव्हता. पंधरा-वीस मिनिटांनी चकती उचलली, तर तिच्याखाली कंपनीच्या नावातलं एक अक्षर पार सुरकुतलं होतं. नखाने हलकेच ढकललं. सरकलं! खालचा रंग जसाच्या तसा, ओला आणि चकचकीत!

मी उष्ट्या हाताने भिंतीपाशी धावले. "भाभी! अहो भाभी! कांदा आणखी आहे का?"

"कांदा खतम हुआ," पलीकडून सलमाभाभी म्हणाल्या. "पण सिरका आहे थोडा. इतकी आवडली बिर्याणी?"

संध्याकाळपर्यंत कृती पक्की झाली. सिरका कोमट करायचा. कापसाचा बोळा त्यात भिजवून ट्रान्सफरवर ठेवायचा. वीस मिनिटं अजिबात हात लावायचा नाही. (हा भाग मला सगळ्यात जड गेला.) मग दात कोरायच्या काडीला मऊ चिंधी गुंडाळून कडेकडेने लोटायचं, उरलंसुरलं चिकटपट्टी टेकवून अलगद उचलायचं. सायकलवरची उरलेली सगळी अक्षरं अशी निघाली, की तिथे कधी काही होतं हे कोणी सांगू नये.

शनिवारी सकाळी इंजिन शोकेसमधून बाहेर आलं. गोधडीवर ठेवलं. डाव्या बाजूच्या नंबरावरून बोट फिरवलं, तर पट्टी जरा जाड लागली. सायकलचं ट्रान्सफर कांद्याच्या पापुद्र्याएवढं, आणि हे चांगलं पुठ्ठ्यासारखं. मला वाटलं वार्निश जास्त झालं असेल. बोळा ठेवला. वीस मिनिटं मोजली. काडीने कोपरा उचलला आणि ९०७६ ही अख्खी पट्टी केळीच्या सालीसारखी सुटून माझ्या हातात आली.

खाली नंबर होता. ९०६७!

मी किंचाळले. यजमान अर्धी दाढी केलेल्या अवस्थेत आले.

"मोडलं?"

"मोडलं नाही हो! बघा! अप्पांचा बरोबर नंबर आधीपासूनच खाली होता!"

"म्हणजे काम झालं की," ते म्हणाले. "झाकून ठेव आता. उजवीकडचंही तेवढंच काढ आणि शोकेस बंद कर."

खरं सांगते, त्या माणसाचं तेव्हा ऐकलं असतं तर ही गोष्ट लिहायची वेळ आली नसती. पण बरोबर नंबर लावून वर पुन्हा चुकीचा लावायचा? कशासाठी? आणि पट्टी अजूनही जाड लागत होती!

"अगं, नको."

"फक्त कोपरा बघते."

कोपरा बघायला वीस मिनिटं लागली. मग दुसरी पट्टी सुटली. खाली पुन्हा ९०७६.

यजमान स्टुलावर बसले. "आता याच्या खाली काय असेल?" त्यांनीही विचारलं. (त्या दिवसापुरती जिज्ञासा सांसर्गिक होती.)

तिसऱ्या पट्टीखाली मात्र नुसता काळा रंग होता. बिनडागी, आरशासारखा. तीन ट्रान्सफर काढली आणि एक ओरखडा नाही! मला टाळ्या पिटाव्याशा वाटल्या. तीन पट्ट्या मी ताटलीत ओळीने वाळत घातल्या. पण आता प्रश्न पडला, की उजव्या बाजूलाही असेच तीन थर असतील का? तिथे चौथाच एखादा नंबर निघाला तर?

आणि सिरका संपला.

भाभींकडे नव्हता. नाक्यावरचा वाणी म्हणाला सोमवारी येईल. सोमवारी तर अप्पा येणार! मी दारात घुटमळत असताना सलमाभाभींचे यजमान हनीफभाई बाहेर आले. त्यांचे बारा लूम होते आणि भिवंडीत असा प्रश्न नव्हता ज्यावर त्यांच्याकडे कारखान्यातलं उत्तर नसे.

"क्या ढूँढ रहे टीचरबाई?"

मी सांगितलं.

"सिरके से क्या होगा? कापडावर लूमचं तेल उडतं ना, त्यावर आमच्याकडे दवा आहे. एक बार मारा, दाग ऐसा गायब, जैसे था ही नहीं!"

"रंगाला काही होत नाही ना?"

"अरे, पांढऱ्या कपड्याला कुछ नहीं होता, तो काले इंजिन को क्या होगा?"

हे वाक्य नववीच्या एखाद्या मुलाने पेपरात लिहिलं असतं तर मी शून्य मार्क देऊन पालकांना बोलावलं असतं. पण त्या वेळी मला ते फार तर्कशुद्ध वाटलं. सायकलच्या पाचव्या भागावर काळा रंग अजून शाबूत होता. तिथे आधी लावून बघायला दोन मिनिटं लागली असती. मला उजव्या बाजूला कोणता नंबर आहे ते आत्ताच्या आत्ता हवं होतं!

बाटलीतलं औषध बोळ्यावर घेतलं आणि टेकवलं.

वीस मिनिटं काय, वीस सेकंदही लागली नाहीत. होती तेवढी सगळी ट्रान्सफर एकदम वितळली, एकात एक मिसळली, पिवळा-काळा चिखल झाला आणि तो चिखल खालच्या रंगासकट ओघळून गोधडीवर आला. मी घाबरून फडक्याने पुसायला गेले, तर फडक्याबरोबर अख्ख्या केबिनचा रंग निघून आला. खाली पत्रा. आणि पत्र्यावर, निळ्या अक्षरांत, ठसठशीत:

'निव्वळ वजन १५ किलो. थंड व कोरड्या जागी ठेवा.'

मी आणि यजमान ते वाचत बसलो. एकदा वाचलं. पुन्हा वाचलं. जणू आणखी काही सूचना सापडेल!

"वनस्पती तुपाचा डबा आहे हा," यजमान शेवटी म्हणाले.

"अप्पा तर सगळ्यांना सांगतात, वर्कशॉपमधला खास पत्रा आहे म्हणून."

"आता नाही सांगणार."

मला हसू फुटलं आणि त्याच्या मागोमाग रडू आलं. अप्पांकडे सोनं-नाणं, शेतवाडी असं काही नव्हतं. चाळीस वर्षं भट्टीसमोर उभं राहून त्यांनी घरी आणलेली मोलाची अशी ही एक वस्तू. घरी कोणी आलं की पाण्याच्या आधी ते इंजिन दाखवायचे. आणि मी, त्यांची शिकलेली सून, त्याचा तुपाचा डबा करून बसले होते.

"सोमवारपर्यंत रंगवून घेऊ," यजमान म्हणाले. "कोणीतरी पेंटर बघतो."

तेवढ्यात बाहेर रिक्षा थांबली आणि अप्पांचा आवाज आला, "अरे, आत ये! लाजतोस काय? इंजिन बघायला आणलंय तुला!"

पूजेत जुना मित्र भेटला, म्हणून अप्पा दोन दिवस आधीच परतले होते. सोबत कोण? साक्षात काथोड फिटर! अंबाडीच्या अलीकडेच त्यांचं गाव. पांढऱ्या मिशा, डोक्याला टोपी आणि नारळाएवढे पंजे.

मी इंजिनासमोर पदर पसरून उभी राहिले. दोन फुटांचं इंजिन पदराने झाकत नाही.

अप्पा आले. त्यांनी डावीकडून बघितलं, नंबर नाही. उजवीकडून बघितलं. खिशातून चष्मा काढला, लावला आणि हलक्या आवाजात वाचलं, "थंड... व... कोरड्या... जागी..."

 मग त्यांनी चष्मा नीट केला आणि निव्वळ वजनही वाचलं. मला वाटलं, ओरडले असते तर बरं झालं असतं.

"अप्पा, चुकलं माझं," मी म्हणाले. "तुमची सत्तरी म्हणून नंबर बदलून द्यायचा होता. ९०६७ करायचा होता."

"क्याचं ९०६७?" काथोडकाकांनी मान वर केली. "डायवर, तू ९०७६ बोल्ला व्हतास ना?"

"मी?" अप्पा गरकन वळले. "मी कधी बोललो? तूच चुकवलास! बारा वर्षं मी तोंडातून शब्द काढला नाही!"

"मी चुकवला? सूनबाय, ताटलीत काय हाय त्ये? आण इकडं!"

मी तीन पट्ट्या पुढे केल्या. काथोडकाकांनी एकेक जाड बोटाने दाखवली. "ही पयली. मी गप्पांत इचारलं, डायवर, तुजी आवडती गाडी कोन्ती? हा बोल्ला ९०७६. मी लावली. म्हयन्याने चा पिताना हा बोल्ला, माझी ९०६७ म्हंजे रानी व्हती रानी. ही दुसरी. मंग निरोपाच्या आदल्या दिवशी सगळ्या शेडसमोर उभा राह्यला नि भाषनात बोल्ला, माझी ९०७६! ही तिसरी, रातीत लावली. आता चवथी लावायला जागा न्हाय ऱ्हायली!"

अप्पांनी तिन्ही पट्ट्या उलटसुलट करून बघितल्या. मग त्यांनी ठेवणीतला मुद्दा काढला. "ते जाऊ दे. तू मला पत्रा वर्कशॉपचा म्हणून सांगितलास. हा तर डबा आहे!"

"वर्कशॉपचा पत्रा घेतला असता तर नोकरी गेली असती माझी! कँटीनचा डबा हाय. इमानदारीचा डबा हाय!"

"पण काका," माझ्याच्याने राहवेना (एवढं होऊनही!), "खरा नंबर कोणता? तुम्हाला तरी माहीत असेल ना?"

काथोडकाकांनी अप्पांकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, मग टोपी काढून मांडीवर ठेवली. "डायवर, डाव्या बाजूची पायरी वाकडी व्हती, तीच ना तुजी गाडी?"

"तीच," अप्पा लगेच म्हणाले. "चढताना नेहमी डावा पाय घसरायचा. शिट्टी घोगरी. थंडीत दोनदा वाजवावी लागायची."

"ती पायरी मीच बसवली. नऊ वरसं त्या गाडीच्या पोटात हात घातलाय. ८०६७ व्हती ती. आठ हजारातली."

एवढी वर्षं आम्ही सगळे सात आणि सहावरून भांडत होतो. पहिल्या नवावर कोणी संशयसुद्धा घेतला नव्हता!

अप्पा खुर्चीत बसले. ओठ हलवत मनाशी काही मोजत होते. "आठ," ते पुटपुटले. "आठ, शून्य... हो रे. ९०७६ वर मी दोनच महिने होतो. आवडायचीही नाही ती मला." मग त्यांनी विचारलं, "तुला माहीत होतं, तर तेव्हाच बोलला का नाहीस?"

"भर शेडसमोर डायवरला खोटा पाडू?" काथोडकाका म्हणाले. "तू तिथून जानार, त्या दिवशी?"

 अप्पांनी चष्मा काढला आणि इंजिन पुसायच्या फडक्याने पुसला. त्या फडक्यावर हनीफभाईंचं औषध होतं, त्यामुळे चष्म्याची काळी फ्रेम भुरकी झाली. पण ते त्यांना दुसऱ्या दिवशी कळलं आणि मी त्याची कबुली इथे पहिल्यांदाच देते आहे.

काथोडकाका मग पाच दिवस आमच्याकडे राहिले. अंगणात गोणपाट टाकून दोघं म्हातारे बसायचे, एक घासायचा आणि दुसरा चुका काढायचा. काळ्या रंगाचे चार हात दिले. नंबराची वेळ आली तेव्हा मी म्हणाले, "ट्रान्सफर मी आणून देते."

"नगं," काथोडकाका म्हणाले आणि बारीक ब्रशने थेट रंगातच ८०६७ लिहिलं. वर वार्निश दिलं. मग माझ्याकडे बघून आणखी एक हात दिला.

इंजिन पुन्हा शोकेसमध्ये गेलं. यजमानांनी नवी सायकल घेतली आणि ती हनीफभाईंच्या कारखान्यात ठेवायला लागले. अप्पांनी शोकेसला कुलूप बसवून घेतलं. त्याची किल्ली कुठे असते ते अप्पांना माहीत आहे, यजमानांना माहीत आहे, सलमाभाभींना माहीत आहे, औषधाची बाटली मला ज्यांनी दिली त्या हनीफभाईंनाही माहीत आहे. मी एकदा विचारलं, तर अप्पा मायेने म्हणाले, "सूनबाई, तू हुशार आहेस, तुला काय करायचीय किल्ली?"